उरलेला डोंगर : बुलढाण्याच्या घाटाची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाची ओळख होताना तालुका विचारण्याआधी एक प्रश्न येतो : घाटावरचे की घाटाखालचे? उत्तर मिळालं की विचारणाऱ्याला निम्मी माहिती आपोआप मिळते. विहिरीचं पाणी गोड की मचूळ, रान बरड की भारी, उन्हाळ्यात रात्री गारवा येतो की भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या राहतात, हे सगळं त्या एका शब्दात येतं. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ही घाटावरची मंडळी. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालची. मोताळा आणि खामगाव पायथ्याला टेकलेली, आणि बुलढाणा शहर नेमकं कडेवर. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्याचे असे दोन भाग करणारी ती रेघ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. भूगोलाच्या पुस्तकात तिचं नाव अजिंठ्याची रांग असं आहे. जिल्ह्यात तिला नुसतं घाट म्हणतात.

ही वाटणी जुनी आहे. वऱ्हाडच्या मुलखाचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मोगलाईच्या कागदपत्रांत आहेत, आणि इंग्रजांनी १८७० साली वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं तेव्हा त्यांनीही ते भाग जसेच्या तसे ठेवले. त्याआधी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडचं वर्णन दोन डोंगररांगांमधला सुभा असं केलं आहे. एका रांगेवर गाविलगड आणि नरनाळा, दुसरीवर माहूर. दिल्ली-आग्र्याकडच्या माणसाने केलेलं हे वर्णन आजच्या उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहिलं तरी चुकत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधून पूर्णा.

मात्र दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत म्हणून ते एकाच घडणीचे आहेत असं समजू नये.

मलकापूर ते शेगाव रेल्वेने जाताना दक्षिणेकडच्या खिडकीतून क्षितिजावर एक निळसर भिंत दिसते. तो घाट. आता तोच घाट चिखलीकडून पाहायला निघावं. चिखलीहून बुलढाण्याला येईपर्यंत डोंगर म्हणावा असं काही लागतच नाही. शेतं, बाभळी, एखाददुसरी टेकडी, शहर, आणि शहर ओलांडून मोताळ्याच्या वाटेला लागलं की राजूर घाटात जमीन एकदम संपते. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास असलेलं पठार सोडून रस्ता खाली उतरतो आणि मलकापूर गाठेपर्यंत जवळजवळ चारशे मीटरांची उंची गमावतो. परत वर चढायला मात्र डोंगर नाही. डोंगराला दोन उतार असतात ही शाळेतली समजूत इथे लागू पडत नाही. ह्या डोंगराला एकच बाजू आहे, कारण तो मुळात पठाराचा तुटलेला काठ आहे. कोणत्याही शक्तीने त्याला खालून वर ढकललेलं नाही. शेजारची जमीन झिजून वाहून गेली आणि तो मागे उरला.

वाहून गेलं ते काय, हे कळण्यासाठी मुळात साठलं काय होतं ते पाहिलं पाहिजे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड आजच्या रियुनियन बेटाजवळच्या भागावरून सरकत असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी, वर धूर, असं चित्र इथे चालत नाही. हा लाव्हा पातळ होता. तो उसळण्यापेक्षा पसरायचा. एक थर पसरला, थिजला, त्यावर माती धरली, मग दुसरा थर. आज शिल्लक असलेला दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि त्याचा बराच मोठा भाग दहा लाख वर्षांहूनही कमी काळात साठला असं अलीकडच्या मोजमापांवरून दिसतं. डायनोसॉर नाहीसे झाले तोही हाच सुमार. त्या संहारातला मेक्सिकोजवळच्या उल्केचा वाटा किती आणि आपल्या पायाखालच्या दगडाचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून हिरीरीने वाद चालतो.

भूवैज्ञानिकांनी ह्या थरांचे गट पाडून त्यांना गावांची नावं दिली, तेव्हा अजिंठ्याबरोबर चिखली आणि बुलढाणा ही नावंही त्या यादीत गेली. चिखलीच्या बाजारात हे कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण दख्खनच्या लाव्हावरचे प्रबंध वाचणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही ‘चिखली फॉर्मेशन’ हे शब्द परके नाहीत.

हे थर वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. घाटात रस्त्यासाठी जिथे कापणी केली आहे तिथे गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं उभं राहावं. सगळ्यात खाली घट्ट काळा पाषाण दिसतो, त्यात उभ्या भेगा. लाव्हा थंड होताना आकसला त्याच्या त्या खुणा. जरा वर गेलं की तोच दगड सच्छिद्र होतो. लाव्हा थिजताना आतले वायू वरच्या बाजूला बुडबुड्यांसारखे अडकले, आणि पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट स्फटिक भरले. विहिरी खोदणारी माणसं ह्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याही वर वीत-दोन वीत, क्वचित हात-दीड हात जाडीचा तांबडा पट्टा असतो. हा गेरूसारखा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली विश्रांती. पहिला थर थंड झाला, त्याचा पृष्ठभाग कुजून माती झाली, आणि दुसऱ्या थराखाली ती दबली, भाजली. पट्टा जितका जाड तितकी विश्रांती मोठी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. मग पुन्हा काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या, पुन्हा तांबडं. सप्टेंबरात पाऊस उघडला की ह्या तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वरून पाणी पाझरताना दिसतं, कारण चिकण पट्टा पाण्याला खाली जाऊ देत नाही. घाटातले पाझर ओळीने एकाच पातळीत का असतात, याचं उत्तर तिथे उघड्यावर लिहिलेलं आहे.

आता कुरतडण्याची गोष्ट. पावसाचा थेंब बुलढाण्याच्या कोणत्या गल्लीत पडतो यावर तो कोणत्या समुद्रात जाणार हे ठरतं. कडेच्या उत्तरेला पडला तर विश्वगंगा, नळगंगा किंवा ज्ञानगंगेतून पूर्णेत, पूर्णेतून चांगदेवला तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. दक्षिणेला पडला तर पैनगंगेत. पैनगंगेचा उगम बुलढाण्याजवळच मढच्या परिसरात आहे. येळगावच्या धरणात थांबून ती मेहकरवरून पूर्वेला निघते, सहस्रकुंडाला उडी घेते, चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते आणि वर्धा-प्राणहिता-गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला पोचते. एका शहराच्या दोन बाजूंना निघालेलं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं.

ह्या दोन वाटा सारख्या नाहीत. पैनगंगेला घाई नाही. तिच्यापुढे पठाराचा मंद उतार आहे. उत्तरेकडच्या नद्यांना मात्र थोडक्या अंतरात चारशे मीटर उतरायचं असतं. त्यांच्या पाण्याला धार असते. त्या तळ खणतात, पाझरांच्या रेषेवर कड्याचा पाया पोखरतात, वरचा उभ्या भेगांचा पाषाण निराधार होऊन ठोकळ्यांनी सुटतो, आणि घाट थोडा दक्षिणेला सरकतो. माणसाच्या आयुष्यात हे एखाद्या दरडीच्या बातमीपुरतं जाणवतं. पण लाखो वर्षं हे चाललं आहे, आणि म्हणूनच नकाशावर घाटाची कड सरळ नाही. उंदराने कडेकडेने कुरतडलेल्या भाकरीसारखी ती आत-बाहेर गेलेली आहे. दोन ओढ्यांच्या मधे पठाराच्या जिभा उत्तरेकडे बाहेर आलेल्या दिसतात. बोथ्याच्या घाटातून खामगावला जाताना ज्ञानगंगेचं जे जंगल लागतं, ते ह्या जिभांच्या उतारांवर टिकलं आहे. तिथे नांगर चालला नाही म्हणून झाडं राहिली. जवळपास दोनशे चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य डिसेंबर २०१९ मध्ये देशभर गाजलं. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला टी१सी१ हा तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून इथे येऊन राहिला होता.

समोरच्या सातपुड्याचं चरित्र निराळं. दगड तोच, लाव्हा तोच. पण तिथे पायथ्याशी जमिनीला मोठी भेग आहे. गाविलगडचा विभंग म्हणून भूशास्त्रात ती प्रसिद्ध आहे. ह्या भेगेच्या उत्तरेकडची बाजू वर उचलली गेली आणि दक्षिणेकडची खचली. जळगाव जामोदहून पाहिलं तर सातपुडा सपाट रानातून एकदम उठलेला दिसतो त्याचं कारण हे. ही भेग नर्मदा-तापीच्या मोठ्या अस्थिर पट्ट्याची नातेवाईक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीचे आणि जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवचे गरम पाण्याचे झरे ह्या पट्ट्याशी जोडले जातात, आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही त्याच पट्ट्यातला. थोडक्यात, जिल्ह्याच्या उत्तरेचा डोंगर उचललेला आहे आणि दक्षिणेचा झिजून उरलेला.

दोघांच्या मधे खचलेल्या खोलगट भागात पूर्णेने गाळ भरला. काळ्या पाषाणाच्या वर शेकडो मीटर गाळ, माती, वाळू, चुनखडी. ह्या गाळात अमरावती विद्यापीठाच्या भूवैज्ञानिकांना एक अनपेक्षित वस्तू सापडली : सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख. सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी टोबा फुटला तेव्हा त्याची राख हिंदी महासागर ओलांडून वऱ्हाडात पडली आणि पूर्णेने ती गाळाखाली झाकून ठेवली.

पण घाटाखालच्या शेतकऱ्याला राखेपेक्षा मीठ जवळचं. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हा ह्या गाळाचाच वारसा आहे. जमीन काळी, खोल, पाहताक्षणी हेवा वाटावा अशी. पण खालचं पाणी खारं. ते पाणी पिकाला दिलं की जमीन चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. म्हणून ओलावा धरून हरभरा काढायचा ही तिथली जुनी रीत. खारेपणाचं कारण काय, यावर मतं अनेक आहेत. कुणी जुन्या समुद्राचं नाव घेतं, कुणी कोरड्या हवामानात आटलेल्या तळ्यांचं. निचऱ्याला वाव नसलेल्या खोऱ्यात हजारो वर्षं क्षार साठत गेले, हे स्पष्टीकरण ज्यांनी विहिरी मोजल्या त्यांना जास्त पटतं. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावांत किडनीचे आजार आणि हे पाणी यांचा संबंध कित्येक वर्षं जोडला जातो. नळाने गोड पाणी द्यायचं तर ते सातपुड्यातल्या वान धरणातून आणावं लागतं.

ह्या पट्ट्यात काहीही विपरीत घडलं की संशयाची सुई पाण्याकडे जाते. २०२४ च्या अखेरीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत गळायला लागले, तेव्हाही तेच झालं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी मात्र रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. शिवालिकच्या पायथ्याशी, पंजाब-हरियाणातल्या काही जमिनींत हे मूलद्रव्य जास्त असतं हे भूशास्त्राला ठाऊक होतंच. त्यांचं निदान बरोबर असेल, तर शेगावच्या लोकांना दुसऱ्याच डोंगराची माती रेशन दुकानातून पोचली म्हणायची.

घाटावर मीठ नाही, पण पाणीही नाही. दगडात पाणी राहतं ते मांजऱ्याच्या पोकळ्यांत, कुजलेल्या मुरमात आणि भेगांत; घट्ट पाषाण कोरडाच. त्यामुळे एका बांधावरची विहीर भरलेली आणि शेजारची रिकामी, हा प्रकार घाटावर नवा नाही. विहीर खोदताना मुरूम संपून मांजऱ्या लागला की मालकाचा चेहरा खुलतो, काळा लागला की खर्चाचा हिशोब सुरू होतो. बोअरचं यंत्र आल्यापासून थर पाहून खोदण्याचा धीर सुटला. तीनशे-चारशे फुटांवर नुसता भुगा उडत असताना ‘अजून पन्नास फूट’ म्हणणाऱ्याला ह्या थरांची घडण कुणी सांगितलेली नसते. खोल गेलं की पाणी लागतंच, हा गाळाच्या मुलखातला अनुभव. तो लाव्हाच्या मुलखात लावल्याने घाटावर किती कर्ज झालं याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

पाणी अडवण्याचे प्रयोग मात्र ह्या जिल्ह्याने मनापासून केले. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतो, गावतळ्यांना गाळ काढून खोली लागते. तेव्हा मुरूम तळ्यातूनच उचलायचा, ही साधी अक्कल ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशात गेली. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात जेसीबी-पोकलेनचा ताफा आणून गाळ काढला. मुरूम काढल्यावर खाली मांजऱ्या उघडा पडला तर तळं जमिनीत पाणी मुरवतं. काळा पाषाण लागला तर पाणी तळ्यातच थांबतं आणि उन्हाने उडतं. कोणत्या गावाला कोणतं तळं मिळालं हे शेवटी लाव्हाने ठरवलं आहे.

आता तर वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दहून सव्वाचारशे किलोमीटरांच्या कालव्यांनी नळगंगेपर्यंत आणण्याच्या प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. नकाशावर गंमत पाहावी : पैनगंगेचं पाणी घाटावरून निघून वर्धेबरोबर ज्या वैनगंगेच्या भेटीला जातं, तिचंच पाणी उलट्या दिशेने त्याच घाटाच्या पायथ्याशी येणार. गोदावरीतून तापीत. डोंगराने केलेली वाटणी माणूस खोडणार, अर्थात विजेचं बिल भरून.

लोणारचा उल्लेख इतका उशिरा येण्याचं कारण आहे. जिल्ह्याच्या बाहेर बुलढाणा म्हटलं की लोकांना शेगावनंतर लोणार आठवतं, पण ते विवर बहुतेक वेळा घाटापासून सुटं, आकाशातून पडलेलं नवल म्हणून दाखवलं जातं. खरं तर ते ह्या थरांचीच वर उचललेली कड म्हणून पाहावं. घाटात सगळीकडे लाव्हाचे थर आडवे आहेत, पाणसळ लावल्यासारखे. लोणारच्या काठावर ते बाहेरच्या दिशेला कललेले आहेत. आतून प्रचंड धक्का बसल्याशिवाय आडव्या दगडाची अशी कड वर येत नाही.

हा धक्का उल्केचा होता, ही गोष्ट आज शाळकरी पोरही सांगतं, पण ती ठरायला दीडशे वर्षं लागली. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचाच दगड असल्याने खड्डाही ज्वालामुखीचा, असा तर्क पुढे बराच काळ चालला आणि तो अगदीच अडाणी नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने ॲरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं. निर्णायक पुरावा मिळाला तो विवराच्या तळाशी छिद्रं घेऊन वर काढलेल्या दगडांत. प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच त्यांत होती, आणि फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आघाताचा निष्कर्ष मांडला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोल असं, बेसाल्टमध्ये इतकं सुस्थितीत राहिलेलं आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. मंगळावर आणि चंद्रावर अशी असंख्य आहेत. म्हणून मंगळाचे अभ्यासक मेहकरच्या एसटीत भेटतात.

त्याचं वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं आली, २०११ च्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने पाच लाख सत्तर हजार. प्रस्तुत वक्त्याचा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे.

तळ्याला बाहेर वाट नाही. पाणी येतं आणि वाफ होऊन जातं, क्षार राहतात. पूर्णेच्या खोऱ्यात जे पसरून झालं ते इथे एका वाडग्यात झालं. हा क्षार पूर्वी विकला जायचा. साबण आणि काचेसाठी त्याचा उपयोग होत असल्याचं ‘आईन-इ-अकबरी’त आलं आहे, आणि डल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची नावं होती. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण अभ्यासूने गुलाबी पाण्यापेक्षा ईशान्येच्या धारेकडे लक्ष द्यावं. काठाच्या थरांतून झिरपणारं गोडं पाणी तिथे बारा महिने पडतं, लोक त्यात स्नान करतात, आणि त्याच पाण्याने विवराच्या कडेला घळ पाडायला सुरुवात केली आहे. राजूर घाटात जे चाललंय तेच इथेही चाललंय.

दगड हा इथल्या माणसांचाही इतिहास आहे. सिंदखेड राजाचा लखुजीराव जाधवांचा वाडा, जिथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, तो ह्याच काळ्या पाषाणात उभा आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिथेच, लखुजीरावांच्या छत्रीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली, लांबी १.७० मीटर. ती बेसाल्टची नाही. क्लोराइट शिस्ट हा मऊ, कोरीवकामाला सोपा दगड. दक्षिणेत होयसळांच्या शिल्पांत तो खूप वापरला जायचा. लाव्हाच्या ह्या प्रदेशात तो सापडत नाही. कुणीतरी तो मुद्दाम आणवला. कोणत्या खाणीतून, कोणत्या वाटेने, हे दगडाचा बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून इतर खाणींच्या नमुन्यांशी ताडता येतं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हात घालावा असं हे काम आहे.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. घाटाला असं काहीच नाही. रस्ते रुंद होत आहेत. समृद्धी महामार्गाने मेहकर-सिंदखेड राजा भागात ताज्या कापण्या उघड्या केल्या. दरड कोसळू नये म्हणून घाटातल्या जुन्या कापण्यांवर जाळ्या आणि सिमेंट येणं अटळ आहे, आणि वाहनचालकाच्या जिवाचा प्रश्न असताना त्याला विरोध करता येणार नाही. पण राजूर किंवा बोथ्याच्या घाटात, वळणाच्या आतल्या बाजूला, चार मोटारी उभ्या राहतील अशी एखादी जागा पाहून वीस-पंचवीस मीटरांची कापणी उघडी ठेवता येईल. काळा पाषाण, मांजऱ्या, तांबडा पट्टा यांवर रंगाने आकडे टाकायचे आणि खाली मराठीत एक फलक लावायचा. बांधकाम विभाग, जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि एखादा भूगोलाचा प्राध्यापक एवढी माणसं एका टेबलाशी बसली, तर पुढच्या पावसाळ्याआधी हे होण्यासारखं आहे.